टेबलावरची रेल्वे

१८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत मेर्कलिन या जर्मन कंपनीने किल्लीवर धावणारी खेळण्यातली आगगाडी रुळांसकट मांडली. पुढे डबे, सांधे वेगळे घेऊन मार्ग वाढवता येऊ लागला. पण तो जमिनीवर पसरायचा आणि खेळ संपला की आवरायचा. १९३५ च्या सुमारास १६.५ मिलिमीटर रुंदीचे रूळ बाजारात रूढ झाले, गाडी टेबलावर मावली आणि देखावा कायमचा उभा राहू लागला. खरी कला इथूनच बहरली. इंग्लंडच्या जॉन अहर्न यांनी ‘मॅडर व्हॅली’ या आपल्या लघुरेल्वेच्या देखाव्यात आखीव चकचकीतपणा सोडून जुनी, वापरलेली वाटणारी घरे उभी केली. जाळीवर प्लास्टर थापून डोंगर, रंगवलेल्या भुशाचे गवत ही पद्धत घरोघरच्या हौशींनी उचलली. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले.