बाळाला वॉकर घ्यावा की पांगुळगाडा? पहिल्या वर्षात कोणतं खेळणं कधी द्यायचं?

‘आमचं पिल्लू आठव्या महिन्यातच चालायला लागलं!’ अशी एखादी रील तुमच्याही फीडवर येऊन गेली असेल. खाली कमेंट्समध्ये कौतुकाबरोबर हमखास एक काळजीचा प्रश्न असतो: ‘आमचं दहा महिन्यांचं झालं तरी रांगत नाही, काय करू?’ आणि त्यावर कुणीतरी सांगतं, ‘वॉकर आणा.’

माझ्या भाचीच्या वेळी आमच्याकडेही हेच झालं. सहाव्या महिन्यात उष्टावण झालं आणि त्याच दिवशी भेट म्हणून वॉकर आला. गाणी वाजवणारा, दिवे लागणारा. तो वापरायचा की नाही, यावरून आजी आणि ताईमध्ये आठवडाभर धुसफूस सुरू होती.

वॉकरमुळे बाळ लवकर चालायला लागतं का? तर नाही. उलट उशीरच होऊ शकतो. का, ते समजून घेऊ.

वॉकरमध्ये नेमकं काय होतं?

चालायला शिकताना बाळाला दोन गोष्टी जमाव्या लागतात. स्वतःचं वजन पायांवर पेलणं आणि तोल सांभाळणं. वॉकरमध्ये बाळ सीटवर बसलेलं असतं, त्यामुळे या दोन्ही गोष्टी वॉकरच करतो. बाळ फक्त पायाच्या बोटांनी जमीन मागे ढकलतं. समोर ट्रे असल्याने आपले पाय काय करताहेत, हेही त्याला दिसत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वॉकर वापरणारी बाळं न वापरणाऱ्यांपेक्षा उशिरा बसली, उशिरा रांगली आणि उशिरा चालली.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. वॉकरमधलं बाळ एका सेकंदात साधारण एक मीटर पुढे जाऊ शकतं. म्हणजे तुम्ही गॅस बंद करायला वळलात, तेवढ्यात ते जिन्यापाशी. १९९० ते २०१४ या काळात अमेरिकेत वॉकरमुळे जखमी झालेल्या २ लाख ३० हजारांहून जास्त बाळांवर रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागात उपचार झाले. त्यातली बहुतेक जिन्यावरून पडली होती आणि बहुतेकांना डोक्याला किंवा मानेला मार लागला होता. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवरही बंदी घातली. जुना वॉकर विकणंही तिथे बेकायदा आहे. भारतात मात्र तो दुकानात आणि ऑनलाइन सर्रास मिळतो.

मग पांगुळगाडा वेगळा कसा?

सावंतवाडीच्या खेळण्यांच्या दुकानात किंवा गावच्या जत्रेत दिसणारा तीन चाकांचा लाकडी पांगुळगाडा आठवा. त्याला सीट नसते. बाळाला आधी स्वतः उभं राहावं लागतं, मग दांडा धरून गाडा पुढे ढकलावा लागतो. वजन पायांवर, तोल स्वतःचा आणि पाय डोळ्यांसमोर. दमलं की बाळ खाली बसतं. म्हणजे वॉकर हातात देण्याआधीच आपल्याकडे बरी वस्तू होती!

अर्थात, पांगुळगाड्याने बाळ लवकर चालतं असंही नाही. बाळ धरून उभं राहायला लागलं की, म्हणजे बऱ्याचदा दहाव्या महिन्यानंतर, तो द्यावा. गाडा फार हलका नको. गुळगुळीत फरशीवर हलका गाडा पुढे पळतो आणि बाळ तोंडावर आपटतं. जवळ कुणीतरी हवंच.

‘उशीर’ म्हणजे नेमका किती?

जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यानुसार बाळ आधाराशिवाय बसतं ३.८ ते ९.२ महिन्यांदरम्यान, रांगतं ५.२ ते १३.५ महिन्यांदरम्यान आणि स्वतःचं स्वतः चालतं ८.२ ते १७.६ महिन्यांदरम्यान. म्हणजे रीलमधलं आठ महिन्यांचं बाळ आणि शेजारचं सोळा महिन्यांचं बाळ, दोन्ही नॉर्मल. आणखी एक गंमत म्हणजे, यातली ४.३ टक्के मुलं कधी रांगलीच नाहीत.

मग खेळणी कोणती?

पहिले दोन-तीन महिने बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं. त्यामुळे तुमचा चेहरा हेच सगळ्यात चांगलं खेळणं. काळ्या-पांढऱ्या ठळक चित्रांचं कार्ड चालेल. जागं असताना गोधडीवर थोडा वेळ पालथं ठेवा. मान आणि खांदे यातूनच बळकट होतात. दिवसभरात मिळून अर्धा तास पुरे. झोपवताना मात्र उताणंच.

चौथ्या महिन्याच्या आसपास हात वस्तूकडे जायला लागतो. आता बारशाला आलेला खुळखुळा बाहेर काढा. सहा-सात महिन्यांत बाळ वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेतं, आपटतं, चोखतं. स्टीलची वाटी आणि चमचा यापुढे महागडी खेळणी फिकी पडतात (कानांची तयारी ठेवा). घरंगळणारा चेंडू जरासा लांब ठेवला, तर तो गाठायला बाळ पुढे सरकतं. नवव्या-दहाव्या महिन्यात चिमटीत पकडता येतं. मग डब्यात ठोकळे टाकणं आणि काढणं तासभर चालतं. पदराआड तोंड लपवून ‘कुक’ करण्यातली खरी मजाही याच वयात कळायला लागते.

पण चिमटी जमली की धोकाही वाढतो. ३१.७ मिलीमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावणारी वस्तू लहान बाळाच्या घशात अडकू शकते, असं खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत धरलं जातं. बटणासारखे सेल आणि लोहचुंबक तर घरात उघडे नकोतच. बोरन्हाणाची बोरं, हरभरे, शेंगदाणेही याच यादीत येतात. फोटो झाले की लगेच गोळा करा. खेळणं घेताना आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून ती भारतात बंधनकारक आहे.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

चार महिने झाले तरी मान धरत नसेल, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नसेल, अंग फार ताठ किंवा फार सैल वाटत असेल, वर्षाच्या आत सतत एकच हात वापरत असेल किंवा आधी जमणारी गोष्ट बंद झाली असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नका. बाळ वेळेआधी जन्मलं असेल, तर वय डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते. त्यासाठी आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा.

आणि आमच्याकडच्या वॉकरचं काय झालं? आजीने त्याची चाकं काढली. सध्या त्यात इस्त्रीचे कपडे असतात.