उंची ही शिल्लक



केंद्र सरकारच्या नागरी विमान खात्याने पुण्याजवळ हडपसरला ग्लायडिंग सेंटर काढलं, त्याला आता सत्तर वर्षं होऊन गेली. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. विंच नावाचं यंत्र लांब तार झपाट्याने गुंडाळतं, ग्लायडर वर जातं, तार सुटते. पुढे सगळा खेळ वाऱ्याचा. आमच्या चाकूरच्या माळावर उन्हाळ्यात दुपारी घारी पंख न हलवता फिरतात, तसाच.

खरी परीक्षा उतरताना. ग्लायडरला उंची म्हणजे पेन्शनरची शिल्लक. एकदा खर्च झाली की परत मिळत नाही. उंची जास्त राहिली तर धावपट्टी मागे पडते, कमी पडली तर अलीकडेच शेतात उतरावं लागतं. पोहोचणार नाही असं दिसलं की हात आपोआप नाक वर उचलू पाहतो. पण नाक उचललं की वेग घटतो, आणि वेग फार घटला की पंख विमानाला पेलत नाहीत. जमिनीजवळ असं झालं तर सावरायला जागा नसते.

२३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका मोठ्या प्रवासी विमानाचंच ग्लायडर झालं. इंधन किलोत मोजायचं ते पौंडात मोजलं गेलं, म्हणजे निम्म्याहूनही कमी भरलं. (एककं लिहा म्हणून आम्ही गणिताच्या वहीत लाल शाई उगीच वापरत नव्हतो!) ४१ हजार फुटांवर इंजिनं बंद पडू लागली. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना ग्लायडर चालवायची सवय होती. गिमली नावाच्या जुन्या विमानतळाशी आले तेव्हा उंची जास्त होती. त्यांनी विमान तिरकं धरून ती कमी केली आणि उतरवलं. ६९ जणांपैकी कोणी दगावलं नाही.

आता उलट बाजू बघा. इंजिन असलेल्या विमानाला एक सोय आहे. अंदाज चुकला तर जोर लावून पुन्हा वर जायचं आणि फिरून यायचं. याला 'गो अराउंड' म्हणतात. २२ मे २०१० रोजी मंगळूरला विमान फार उंचावरून आलं, धावपट्टीच्या बरंच पुढे टेकलं आणि दरीत गेलं. १५८ माणसं गेली, ८ वाचली. चौकशी आपल्या एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. सहवैमानिकाने तीनदा 'गो अराउंड' सुचवलं होतं, हे त्यातून पुढे आलं.

७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला पुन्हा तेच. पाऊस, पाठीमागून वारा आणि टेकडीवरची धावपट्टी. कॅप्टन दीपक साठे आपल्या नागपूरचे, हवाई दलातले नावाजलेले वैमानिक. पहिल्या वेळी ते न उतरता परत वर गेले होते. दुसऱ्या वेळी विमान जवळजवळ अर्धी धावपट्टी संपल्यावर टेकलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. २०२१ च्या अहवालात सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हटल्याची नोंद आहे. पण एका माणसावर दोष टाकून अहवाल थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणाला कॅप्टनची गरज होती, त्याचं मनावरचं दडपण आणि कॅप्टन व सहवैमानिक यांच्या अधिकारातलं अंतर, हेही त्यात आहे.

मला हे अंतर फार ओळखीचं वाटतं. आपल्याकडे घरात, शाळेत, कचेरीत मोठ्या माणसाला "थांबा" म्हणणं म्हणजे उद्धटपणा. धाकटा एकदा हळूच सांगतो, फार तर दोनदा, आणि गप्प बसतो. साठ्यांसारख्या माणसाचा अनुभव खोटा नव्हता. पण अनुभवी माणसालासुद्धा आपण किती उंचीवर आहोत हे शेजारच्याने सांगावं लागतं, आणि त्याने ते ऐकावं लागतं.

ग्लायडरवाल्याला परत फिरता येत नाही, म्हणून तो पहिल्यापासून हिशेब ठेवतो. ज्याला फिरता येतं त्याला मात्र "अजून एक चक्कर मारू" म्हणायला कमीपणा का वाटावा? आपल्या नातवंडांना "आजोबा, थांबा" असं मोठ्याने म्हणायला शिकवू या. आणि म्हटलं की आपण थांबू या.

तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.