चिठ्ठीपासून यंत्राच्या सोडतीपर्यंत

वस्तू थोडी आणि मागणारे फार, अशी वेळ आली म्हणजे न्याय कसा करावयाचा, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्या गावांनी त्याला चिठ्ठीचे उत्तर दिले. नावे कागदावर लिहावयाची, सारख्या घड्या घालून ते कागद घागरीत टाकावयाचे, घागर हलवावयाची आणि ज्याला कोणाशीही देणेघेणे नाही अशा लहान मुलाच्या हाताने एक चिठ्ठी काढवावयाची. सरपंचपदाच्या आरक्षणासाठी आजही अशा चिठ्ठ्या काढल्या जातात. ही पद्धत अडाणीपणाची आहे असे कोणी समजू नये. तिच्यात तीन मोठे गुण आहेत. सर्वांची नावे घागरीत पडताना डोळ्यांना दिसतात; घागरीला कोणाचा चेहरा ओळखता येत नाही; आणि शंका आली तर घागर उपडी करून पाहता येते.

आता ही घागर यंत्रात गेली आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा राखून ठेवल्या जातात आणि त्यांचे प्रवेश संगणकाच्या सोडतीने ठरतात. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या, आणि तीस वर्षांनी, २८ जून २०१२ रोजी, म्हाडाने त्या कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली. मागणारे लाखाच्या वर होते. अशा वेळी ज्याचे नाव निघत नाही तो विचारतो, ‘माझी चिठ्ठी यंत्रात पडली होती काय?’ आमचे म्हणणे कोणत्याही एका सोडतीविरुद्ध नाही. पण हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर द्यावयाचे तर यंत्र आकडा कसा काढते, त्याचा इतिहास पाहावा लागतो.

हा इतिहास शेताच्या बांधावरून सुरू करणे परभणीकरांना सोयीचे होईल. पीक किती आले हे पूर्वी नजरेने ठरत असे. अंमलदार शेत पाहून आणे सांगे, आणि त्या आणेवारीवर सारा माफ व्हावयाचा की नाही ते अवलंबून राही. नजर माणसाची, तिला कधी दया येई, कधी लोभ सुटे. यावर उपाय असा निघाला की कोणते शेत कापून पाहावयाचे ते माणसाने ठरवूच नये. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी तागाच्या पिकासाठी नमुना-पाहणीचे काम केले. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी भारतीय कृषि संशोधन परिषदेत असताना पीक कापणी प्रयोगाला शास्त्राची बैठक दिली. गाव, गावातील शेत आणि शेतातील नेमका तुकडा, हे सारे यदृच्छेने आलेल्या आकड्यांवरून निवडावयाचे, म्हणजे तेथे कोणाची इच्छा चालत नाही. पीक विम्याचा हिशेब आज अशाच कापणीवर उभा असल्यामुळे जिंतूर-सेलूच्या शेतकऱ्याला या आकड्यांचे मोल वेगळे सांगावयास नको. १९७२ साली परभणीत स्थापन झालेल्या आपल्या कृषी विद्यापीठातही कोणते वाण कोणत्या वाफ्यात पेरावयाचे ते याच तत्त्वाने ठरते. नाही तर आवडत्या वाणाला चांगली जमीन मिळावयाची.

हे आकडे आणावयाचे कोठून? १९२७ साली इंग्लंडात टिपेट यांनी ४१,६०० आकड्यांचे कोष्टक छापले. १९५५ साली अमेरिकेत रँड कॉर्पोरेशनने दहा लाख आकड्यांचा ग्रंथच काढला. मनुष्याने कोष्टक उघडून आकडे घ्यावेत हे ठीक होते. परंतु एका कामात लक्षावधी आकडे गिळणारी गणनयंत्रे आली तेव्हा कोष्टक अपुरे पडू लागले. यंत्रालाच आकडे काढावयास शिकवणे भाग पडले.

येथे १९४९ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मद्रासच्या गणित परिषदेत देवळालीचे एक शाळामास्तर, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, यांनी ६१७४ या संख्येचे नवल सांगितले. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर तीच कृती पुन्हा करा. मराठवाडा निजामाच्या हातून सुटला ते वर्ष घेऊ : १९४८. त्याचे ९८४१ वजा १४८९, उत्तर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. ६१७४ वर हीच कृती केली तर पुन्हा ६१७४! फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या या एकाच विहिरीत पडते.

त्याच वर्षी अमेरिकेत जॉन फॉन नॉयमन यांनी यंत्राने आकडे काढण्याची आपली युक्ती विद्वानांपुढे ठेवली. संख्येचा वर्ग करावयाचा आणि आलेल्या आठ अंकांतील मधले चार उचलावयाचे. ६१७४ चा वर्ग ३८११८२७६, मधले चार ११८२. त्याचा वर्ग ०१३९७१२४, मधले चार ३९७१. पुढे ७६८८, मग १०५३. आकडे खरोखर घागरीतून आल्यासारखे दिसतात. पण या वाटेवरही विहिरी आहेत. २१०० पासून निघा : ४१००, ८१००, ६१००, आणि पुन्हा २१००. घाण्याचा बैल फिरावा तसे हे चार आकडे फिरत राहतात. ३७९२ वर पोहोचलात तर तेथून हलावयाचेच नाही. कापरेकरांना ज्या विहिरीचे नवल वाटले, तीच आकडे काढणाऱ्याला नको असते. दोघांचे गणित मात्र एकाच जातीचे आहे : ठरलेली कृती आणि मागच्या उत्तरातून पुढचे उत्तर.

यावर १९४९ सालीच लेमर यांनी अधिक भरवशाचा मार्ग दाखविला. मागच्या आकड्याला एका ठरावीक संख्येने गुणावयाचे, दुसऱ्या ठरावीक संख्येने भागावयाचे आणि बाकी ठेवावयाची. पुढे गुणाकारात बेरीजही जोडली गेली. फळ्यावर करता येईल असे लहान उदाहरण घेऊ. आकड्याला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या. ७ पासून निघालो तर ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ असे सोळाही आकडे एकेकदा येतात आणि नंतर पुन्हा ७. कोणावर अन्याय नाही, असे वाटेल. पण जरा बारकाईने पाहा : विषम, सम, विषम, सम असेच ते चालले आहेत. समला एक टोळी आणि विषमला दुसरी, अशी रात्रपाळी कोणी या आकड्यांवरून लावली, तर चतुर कामगार दोन दिवसांत पुढची पाळी सांगू लागेल.

अशा आकड्यांना गणिती छद्म-यादृच्छिक म्हणतात. साध्या बोलीत, यदृच्छेचे सोंग घेतलेले आकडे.

१९७० नंतर अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी ही संगणकाची भाषा तयार केली. १९७८ साली तिचे पुस्तक निघाले आणि १९८९ साली तिचे प्रमाणरूप ठरले. या भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे प्रत्येक कारागिराला आयत्या मिळणाऱ्या हत्यारांच्या पेटीत, दोन हत्यारे आहेत : रँड आणि एस-रँड. रँड पुढचा आकडा देते. एस-रँड पहिला आकडा पेरते. त्याला बीज म्हणतात. प्रमाणग्रंथात नमुना म्हणून दिलेली कृती लेमरच्याच घराण्यातील आहे : १,१०,३५,१५,२४५ ने गुणा, १२,३४५ मिळवा, आणि उत्तराचा शेपटाकडचा भाग सोडून वरचा वापरा. शेपूट का सोडावयाचे, ते आपण आताच सम-विषमात पाहिले.

हत्यार चांगले असले तरी ते धरण्याची रीत लागते. पहिली गोष्ट व्याप्तीची. प्रमाणाप्रमाणे रँडने निदान ० ते ३२,७६७ एवढे आकडे दिले पाहिजेत. अधिक देण्याची सक्ती नाही. समजा एवढेच देणारे यंत्र आहे आणि अर्ज दहा हजार आहेत. सामान्य कारागीर आलेल्या आकड्याला दहा हजारांनी भागून बाकी घेतो. ३२,७६८ मध्ये दहा हजार तीनदा जातात आणि २,७६८ उरतात. म्हणजे यादीतील पहिल्या २,७६८ जणांना चार संधी आणि इतरांना तीन! अर्ज चाळीस हजार असतील तर शेवटच्या ७,२३२ जणांची चिठ्ठी घागरीत पडतच नाही. कोणी लाच घेतली नाही, कोणी खोटे बोलले नाही, तरी अन्याय झाला. इलाज कठीण नाही. पहिल्या उदाहरणात तीस हजार आणि त्यावरचे आकडे टाकून द्यावयाचे आणि पुन्हा काढावयाचे. दुसऱ्यात मोठ्या व्याप्तीचे हत्यार घ्यावयाचे. पण तो इलाज केला की नाही, हे कार्यक्रम वाचल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट बीजाची. बीज पेरलेच नाही तर रँड १ हे बीज धरून चालते, आणि दर वेळी तीच रांग देते. म्हणून पुष्कळ कारागीर घड्याळातील सेकंद बीज म्हणून देतात. पण दिवसाचे सेकंद ८६,४०० च असतात. सोडतीचा दिवस ठाऊक असणारा मनुष्य तेवढी बीजे घरी बसून तपासू शकतो. कचेरीतील मनुष्य तर रात्रभर बीजे बदलून पाहील आणि ज्या बीजाने मेहुण्याचे नाव वर येते ते सकाळी वापरील. हिशेब तंतोतंत बरोबर, आणि न्याय मात्र झालेला नाही. शिवाय बीज लहान असून चालत नाही. पुष्कळ यंत्रांत बीजाचे ४,२९,४९,६७,२९६ प्रकार होतात. ही संख्या अफाट वाटते. पण अवघ्या तेरा माणसांच्या रांगा ६,२२,७०,२०,८०० प्रकारांनी लागू शकतात. म्हणजे तेरा जणांच्यासुद्धा सर्व रांगा त्या घागरीत मावत नाहीत.

असे असता यंत्राची सोडत मोडीत काढावी काय? आमचे मत तसे नाही. सोंगाचे म्हणून जे वैगुण्य वाटते, त्यातच कामगाराचा आणि पालकाचा फायदा दडलेला आहे. बीज आणि कृती तीच असतील तर रांग तीच येणार. म्हणजे सोडत झाल्यावर परभणीतला, पूर्ण्यातला, गंगाखेडचा कोणीही शिकलेला मुलगा तो हिशेब पुन्हा करून पडताळू शकतो. खऱ्या घागरीला हे साधत नाही. एकदा हलविलेली घागर पुन्हा तशीच हलविता येत नाही.

मात्र त्यासाठी क्रम पाळावा लागेल. प्रथम अर्जदारांची क्रमांकवार यादी प्रसिद्ध होऊन बंद व्हावी. मग कार्यक्रम जसाच्या तसा छापला जावा. वेगवेगळ्या यंत्रांत रँडची कृती निराळी असते, म्हणून नुसते नाव सांगून भागत नाही. आणि यादी बंद झाल्यानंतरच भरपूर लांबीचे बीज सर्वांसमोर ठरावे. ते ठरविण्यास आपली जुनी घागर पुरेशी आहे. शून्य ते नऊ अंकांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात, शाळेतील मुलांनी एकेक काढावी, अंक फळ्यावर लिहावा, चिठ्ठी परत टाकावी, आणि असे तीस-चाळीस अंक झाले म्हणजे यंत्र सुरू करावे.

नगरातील सुजाण मंडळींकडून आमची अपेक्षा एवढीच आहे. यापुढे कोणतीही सोडत निघेल, शाळेची असो, घरांची असो की योजनेची, तेव्हा अर्जाच्या खिडकीशी तीन प्रश्न विचारावेत : यादी कोठे लावली आहे, कृती कोणती, आणि बीज कोणी, केव्हा, कोणासमोर पेरले? ज्या सोडतीत या तिन्हींची उत्तरे मिळतील, तिच्यात नाव न निघालेला मनुष्य दुःखी होईल, पण आपण फसविले गेलो असे म्हणत घरी जाणार नाही.