वर्षावास, करंज आणि हिरडा : जुन्नर परिसरातील औषधाचा जुना इतिहास

लेण्याद्रीला आपल्या वस्तीतली बहुतेक कुटुंबे एकदा तरी जाऊन आलेली आहेत. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून आपण वर पोहोचतो, गणपतीचे देऊळ म्हणून प्रसिद्ध असलेले दालन पाहतो, कुकडीचे खोरे डोळे भरून बघतो आणि खाली उतरतो. ते दालन मुळात भिक्खूंचे राहण्याचे विहार-लेणे आहे, त्याच्या कडेने वीस खोल्या आहेत आणि शेजारीच चैत्यगृह आहे, हे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा मिळून जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी दुसरीकडे सहसा सापडत नाहीत.

लेणी पाहताना वडीलधारी माणसे मात्र एक प्रश्न हमखास विचारतात. पाण्याची टाकी दिसतात, झोपायचे दगडी ओटे दिसतात, पण इतक्या उंचावर, मुसळधार पावसात, आजारी पडल्यावर हे भिक्खू करत काय असतील? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधू गेले की आपल्या इतिहासाचे एक पान उलगडते. ते पान फारसे वाचले जात नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात पावसाळ्यापासूनच केली पाहिजे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम. एरवी गावोगाव फिरणारी माणसे तीन महिने एका ठिकाणी. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटाकडे पाऊस कसा कोसळतो हे सांगायला नको. दगडाला ओल, अंगावरची चीवरे ओली, भिक्षेला जायची वाट निसरडी. आणि पाऊस सरला की ऊन एकदम तापते. आपल्याकडे ‘ऑक्टोबरची हीट’ म्हणतात तोच हा काळ. तापाची, कावीळीची, पित्ताची दुखणी याच दिवसांत डोके वर काढतात.

आता गंमत बघा. विनयपिटकातील महावग्गात औषधांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याची सुरुवात नेमकी या शरद ऋतूतील आजाराने होते. तथागत श्रावस्तीला असताना भिक्खूंना शरदातले दुखणे झाले. पेज प्यायली तरी उलटून पडे, अन्न टिकेना, अंग वाळले, कांती पिवळी पडली. तेव्हा तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी-गूळ या पाच गोष्टी औषध म्हणून घ्यायची परवानगी मिळाली. आधी ती दुपारच्या आतच होती. पण आजारी माणसाला त्या वेळी काही पचेना, हे लक्षात आल्यावर दुपारनंतरही घेता येतील अशी मोकळीक दिली गेली. नियम माणसासाठी वाकवला, माणूस नियमासाठी नाही. ही पाच औषधे सात दिवसांपर्यंतच जवळ ठेवता येत. साठा करायचा नाही.

पुढे याच प्रकरणात मुळे, काढ्यांची झाडे, पाने, फळे, डिंक, मीठ अशी लांबलचक यादी येते. मुळांत हळद, आले, वेखंड, वाळा, नागरमोथा. पानांत कडुनिंब, कुडा, पडवळ, तुळस. फळांत वावडिंग, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा. यातली निम्मी नावे आपल्या आजीच्या डब्यात होती. घाटातून परत येताना ज्या कुड्याच्या पांढऱ्या फुलांकडे आपण नुसते बघतो, तोही या यादीत आहे. कावीळ झालेल्या भिक्खूला गोमूत्रात भिजवलेला हिरडा द्यावा, असेही तिथे सांगितले आहे. वैद्यांकडे आजही ‘गोमूत्र हरीतकी’ या नावाने असे औषध मिळते. आणि मुळे-फळे यांना सात दिवसांची मर्यादा नव्हती. ती भिक्खूला जन्मभर झोळीत बाळगता येत.

काढ्यांच्या झाडांमध्ये एक नाव आहे ‘नत्तमाल’. संस्कृतात नक्तमाल, म्हणजे आपला करंज. हे नाव ध्यानात ठेवा, कारण आता पुन्हा जुन्नरला जायचे आहे.

मानमोडीच्या डोंगरावर दानाचे बरेच शिलालेख आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी ते १८८१ साली छापून काढले. त्यांतला एक लेख अदुथुम नावाच्या शक उपासकाचा आहे. शक म्हणजे बाहेरून आलेल्या लोकांपैकी एक, पण इथे रुळलेला, श्रेणीशी जोडलेला, धम्म स्वीकारलेला. त्याने वडालिका येथील वीस निवर्तने आणि कटपुतक येथील नऊ निवर्तने जमीन दिली, आणि पहिलीच्या संदर्भात करंजाचा तर दुसरीच्या संदर्भात वडाचा उल्लेख केला. काही अभ्यासक याचा अर्थ करंज आणि वड लावण्यासाठी दिलेली जमीन असा करतात, काही जण करंजाखालची, वडाखालची जमीन असा करतात. दोन्ही अर्थ धरले तरी दोन हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यात विहाराच्या दानपत्रात करंज कोरला गेला, एवढे पक्के.

इथे थोडे जपून बोलले पाहिजे. लेखात ‘औषध’ हा शब्द नाही. करंजाच्या बियांचे तेल दिव्यालाही लागते, आणि गोरगरिबांच्या घरात ते अगदी काल-परवापर्यंत जळत होते. खरूज, नायटा अशा त्वचेच्या दुखण्यांवर ते लावतात, हेही तितकेच जुने आहे. म्हणून “जुन्नरला बौद्धांचे इस्पितळ होते” असे भाषणात ठोकून देऊ नये. करंज औषधाच्या यादीत होता आणि करंज दानपत्रातही होता, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की पुरे.

औषधासाठीच दिलेले दान मात्र आपल्या जवळच्या जिल्ह्यात स्पष्ट अक्षरांत आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, तिथे आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातला एक लेख आहे. काळ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. दान देणारी एक बाई आहे, विष्णुदत्ता. अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची पत्नी, गणपक विश्ववर्म्याची आई, जन्माने शकानी, श्रद्धेने उपासिका. या मायमाऊलीने त्रिरश्मीवर राहणाऱ्या, चारी दिशांहून येणाऱ्या भिक्खुसंघातील आजाऱ्यांच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवली. ठेव कुठे? राजाच्या खजिन्यात नाही, तर कष्टकऱ्यांच्या श्रेणींकडे. कुलरिक म्हणजे बहुधा कुंभार, त्यांच्याकडे एक हजार कार्षापण. ओदयंत्रिक, म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे, यांच्याकडे दोन हजार. आणखी रकमा पुढे आहेत, त्यांत तिळाचे तेल गाळणाऱ्यांची श्रेणीही आहे.

ही ठेव चालायची कशी, ते त्याच डोंगरावरच्या दुसऱ्या एका लेखावरून कळते. नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेवले, व्याज दरमहा शेकडा एक. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. आता हिशेब करून पाहा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा तेवढेच. पै-पैचा मेळ बसतो. श्रेणीला धंद्याला भांडवल मिळाले, संघाला दरवर्षी ठरलेली रक्कम मिळाली. आपल्या पतपेढीच्या कारभाऱ्यांनी हा लेख एकदा जरूर वाचावा. जुन्नरच्या लेखांतही बांबूकाम करणाऱ्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवी आहेत, आणि धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले आहे. म्हणजे स्वच्छ पाणी, निवारा आणि औषध ही सगळी व्यवस्था हातावर पोट असलेल्यांच्या आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या जिवावर उभी होती.

वैद्य मंडळीही यात होती. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला मगिल नावाच्या राजवैद्याचे दान कोरलेले आहे, त्याच्या मुलीचे आणि मुलाचेही आहे. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत सोमदेव हा वैद्य, वैद्य इसिरखित उपासकाचा मुलगा, आपल्या मुलामुलींसह लेणे दान देतो. बाप वैद्य, मुलगा वैद्य, घर उपासकांचे. याच्या शेजारी मनुस्मृती ठेवून बघा. तिथे वैद्याला श्राद्धाच्या पंगतीत बसवू नये असे सांगितले आहे आणि त्याच्या घरचे अन्न निषिद्ध ठरवले आहे. जखम, पू, मलमूत्र यांना हात लावणारा तो अपवित्र. त्या वैद्यांना लेण्यांच्या भिंतीवर नावानिशी मान मिळाला, हा फरक आपण विसरता कामा नये. देबीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी या विषयावर सविस्तर लिहिले आहे, आणि केनेथ झिस्क या अभ्यासकाने १९९१ च्या पुस्तकात भारतीय वैद्यकाच्या वाढीत श्रमण आणि बौद्ध संघ यांचा वाटा मोठा होता असे मांडले.

तरीही आयुर्वेद सगळा आपलाच, असा दावा करायचे कारण नाही. चरक, सुश्रुत, वाग्भट यांचे ग्रंथ हे अनेक हातांचे आणि अनेक शतकांचे काम आहे. वाग्भट बौद्ध होता की नव्हता यावर विद्वानांत अजून वाद आहे, तो त्यांनी घालावा. आपल्यासाठी महत्त्वाचे हे की दोन्हीकडचा ऋतूविचार जुळतो. चरकसंहितेतही शरदात अंग एकाएकी तापून पित्त खवळते, म्हणून कडू औषधांनी सिद्ध केलेले तूप घ्यावे, हलके आणि कडू-गोड खावे असे आहे. श्रावस्तीच्या आजारी भिक्खूंनाही पहिले औषध तूपच मिळाले होते.

हिरड्याचेही तसेच. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात हिरडा ऋतूप्रमाणे कशाबरोबर घ्यावा ते दिले आहे : पावसाळ्यात सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर आणि उन्हाळ्यात गुळाबरोबर. यालाच रसायन म्हणतात, म्हणजे म्हातारपण सुसह्य करणारा उपाय. गरोदर बाईने आणि फार अशक्त झालेल्या माणसाने हिरडा घेऊ नये, हेही जुन्या वैद्यांनीच सांगून ठेवले आहे, पण पुडी विकणारा ते सांगत नाही. तिबेटात भैषज्यगुरू बुद्धाच्या हातात हिरड्याची फांदी दाखवतात, इतका या फळाचा मान.

आणि हा हिरडा येतो कुठून? आपल्या दारातून. आंबेगावचा पश्चिम पट्टा, डिंभे धरणाच्या वरची गावे, आहुप्याकडचा आणि भीमाशंकरकडचा डोंगर, तसाच जुन्नरचा आदिवासी भाग, इथे हिरड्याची झाडे आहेत. उन्हाळ्यात कोवळी फळे काढून उन्हात वाळवतात, तो बाळहिरडा. महादेव कोळी समाजाच्या कितीतरी घरांत पावसाळ्याआधी हातात येणारा रोख पैसा हाच. औषधांबरोबरच कातडी कमावायला आणि रंगालाही तो जातो. झाडावर चढणारा पडला तर हातपाय मोडतो, आणि भाव मात्र व्यापारी ठरवतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने यातली पुष्कळ झाडे मोडली, उन्मळली. शेताचे पंचनामे होतात, पण हिरडा हे पीक धरायचे की नाही इथूनच सुरुवात, म्हणून भरपाईसाठी या लोकांना आंदोलने करावी लागली. त्रिफळा चूर्णाची बाटली घेताना त्यातला एक भाग या डोंगरातला असू शकतो, हे आपल्या मुलांना माहीत असावे.

शेवटी म्हातारपणाविषयी. महावग्गातच एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला होता, कोणी बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले, आणि मग संघाला बोलावून आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा समजा असे सांगितले. त्यानंतर शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण येतात : औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मायेने करावे, मलमूत्राची किळस वाटू नये, आणि आजाऱ्याला चार धीराचे शब्द सांगता यावेत. आजाऱ्यावरही पाच जबाबदाऱ्या आहेत : पथ्य पाळणे, प्रमाणात खाणे, औषध घेणे, दुखणे सहन करणे, आणि आपल्याला काय होते आहे ते सेवा करणाऱ्याला खरे सांगणे.

ही खरे सांगण्याची गोष्ट आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना कोणीतरी वाचून दाखवावी. पोरांना खर्च नको म्हणून छातीतली कळ लपवायची, बीपीची गोळी परवडत नाही म्हणून एक दिवसाआड घ्यायची, साखर वाढली तरी कुणीतरी दिलेला काढा पीत बसायचे, हे आपल्या वस्तीत घरोघरी चालते. हिरडा-आवळा अवश्य घ्यावा, पण डॉक्टरांनी दिलेली बीपीची, साखरेची, टीबीची गोळी बंद करून नव्हे, आणि काय काय घेतो ते डॉक्टरांना सांगून. सरकारी दवाखान्यात साखर आणि बीपी तपासायला जायचे तर वर्षावासातल्या एखाद्या रविवारी प्रवचन झाल्यावर चौघांनी मिळून तारीख ठरवावी. वयस्कर उपासिकांना एकटीने जायला भीती वाटते, सोबत कोणी असले की त्या येतात.