‘मागे’ या कळीचा इतिहास : ॲपमधील वेबपृष्ठांच्या संदर्भात

संगणकावरील ब्राउझरमध्ये ‘मागे’ ही कळ आधीच्या पृष्ठाकडे नेणारी म्हणून १९९० च्या दशकात रूढ झाली. २००८ मध्ये आलेल्या पहिल्या अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर ती प्रत्यक्ष बटणाच्या रूपाने अवतरली; परंतु तेथे तिचा अर्थ ‘आधीचा पडदा’ असा झाला. ॲपमध्ये ‘वेबव्ह्यू’ या घटकाद्वारे वेबपृष्ठे दाखविली जाऊ लागताच हे दोन अर्थ परस्परांस भिडले. वेबव्ह्यू भेट दिलेल्या पृष्ठांचा क्रम स्वतःजवळ ठेवतो. तथापि कळ दाबताच मूळ व्यवस्थेनुसार संपूर्ण पडदाच बंद होई. परिणामी अनेक पृष्ठांचा अर्ज भरणारा वापरकर्ता एका स्पर्शाने बाहेर पडे व भरलेला मजकूर गमावून बसे. मागे पृष्ठ आहे काय, हे वेबव्ह्यूस विचारून नसल्यासच पडदा बंद करणे, हा उपाय आरंभापासून उपलब्ध होता. मात्र तो प्रत्येक प्रोग्रामरवर सोपविलेला होता.

२०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने कडेवरून बोट सरकवून मागे जाण्याची पद्धत आणली. २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ ने ही हाताळणी आगाऊ नोंदविण्याची सोय दिली. कारण मागील दृश्याची झलक दाखवावयाची, तर कळीचे उत्तर कोण देणार हे प्रणालीस आधीच ठाऊक असावे लागते.

सारांश, कळीचे रूप पालटत गेले. ‘मागे’ म्हणजे कोठे, हे ठरविण्याची जबाबदारी मात्र आजही ॲप रचणाऱ्यावरच आहे.