हाकोनेच्या वाटेवरील धांव

धांवण्याची शर्यत म्हटली कीं एकट्या माणसाचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. जिंकला तर जय त्याचा, पडला तर लाजही त्याचीच. परंतु जपानांत दर वर्षीं ऐन थंडींत, जानेवारीच्या २ व ३ तारखेस, एक अशी शर्यत होते कीं जींत धांवतो एकेकटा, आणि जय किंवा पराजय होतो दहा जणांचा. टोकियोहून हाकोनेच्या डोंगरापर्यंत जाऊन परत येणाऱ्या या विद्यार्थ्यांच्या शर्यतीचा इतिहास पाहण्याजोगा आहे. कारण तिचें मूळ एका पराभवांत आहे.

कुमामोतो प्रांतांत १८९१ सालीं जन्मलेला कानाकुरी शिझो हा टोकियोच्या उच्च अध्यापनशाळेचा विद्यार्थी. १९१२ सालीं स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांस जपाननें प्रथमच खेळाडू धाडले. ते अवघे दोन, आणि त्यांतला एक कानाकुरी. आगगाडीनें सैबेरिया ओलांडून तो तेथें पोंचला. १४ जुलै रोजीं मॅरेथॉन शर्यत झाली. ऊन असह्य होतें. पोर्तुगालचा लाझारो हा धांवपटू वाटेंत कोसळला व दुसऱ्या दिवशीं मरण पावला. कानाकुरीसही भोंवळ आली. रस्त्यालगतच्या एका घरच्या मंडळींनीं त्यास सांवरलें; पण शर्यत तुटली ती तुटलीच. देशानें मोठ्या विश्वासानें पाठविलेला तरुण खालीं मान घालून परतला. आपली खंत त्यानें रोजनिशींत लिहून ठेविली, आणि पुन्हां धांवण्याचा निश्चयही.

१९१६ सालचे बर्लिनचे सामने महायुद्धामुळें झालेच नाहींत. ऐन उमेदीचीं वर्षें अशीं गेलीं. एवढें मात्र कानाकुरीस उमगलें कीं, एका वीरावर सारा भार टाकण्यांत अर्थ नाहीं. धांवणारे पुष्कळ निर्माण झाले पाहिजेत. १९१७ च्या एप्रिलांत क्योटो ते टोकियो अशी सुमारे ५०० किलोमीटरांची शर्यत २३ टप्प्यांत, रात्रंदिवस धांवून पार पडली. तींत विजयी संघाचा शेवटचा टप्पा कानाकुरीनेंच धांवला. या प्रकारास नांव मिळालें ‘एकिदेन’. ‘एकि’ म्हणजे ठाणें आणि ‘देन’ म्हणजे पोंचविणें. जुन्या काळीं जपानच्या राजमार्गांवर ठाण्याठाण्यांस घोडे व माणसें बदलून सरकारी निरोप पुढें जात. आपल्याकडे डाकेचे हरकारे टप्प्याटप्प्यानें थैली पुढें पोंचवीत, तसेंच तें.

पुढें कानाकुरी व त्याचे सोबती यांच्या मनांत एक अचाट कल्पना आली: टप्प्याटप्प्यानें धांवून अमेरिका खंडच ओलांडावें! त्या वाटेंत रॉकी पर्वत आडवा. तेव्हां सराव डोंगरांतच हवा, म्हणून हाकोनेचा घाट निवडला. १९२० च्या फेब्रुवारींत १४ व १५ तारखेस पहिली शर्यत झाली. उतरले चारच संघ. विद्यार्थ्यांचे सकाळचे तास बुडूं नयेत म्हणून ती दुपारीं एक वाजतां सुटली. साहजिकच घाट चढतांना अंधार पडला, आणि गांवच्या तरुणांनीं मशाली धरून धांवणाऱ्यांस वाट दाखविली. अमेरिका राहिली ती राहिलीच. सराव म्हणून आरंभिलेली धांव मात्र टिकली.

त्याच वर्षीं ऑगस्टांत अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्यें कानाकुरी पुन्हां उतरला व सोळावा आला. दोराबजी टाटा यांच्या पुढाकारानें हिंदुस्थानांतून गेलेले बेळगांवचे फडेप्पा चौगुले याच शर्यतींत एकोणिसावे आले. बेळगांव व कुमामोतो येथील हे दोन धांवपटू एका दिवशीं एकाच रस्त्यावर धांवत होते, ही गोष्ट मराठी माणसानें विसरूं नये.

आज हाकोनेची वाट जाऊन येऊन २१७ किलोमीटरांची आहे. टप्पे दहा, पांच जातांना व पांच येतांना, आणि बहुतेक वीस किलोमीटरांहून मोठे. पांचवा टप्पा घाटाचा; तो ८७० मीटरांच्या वर चढून आशी सरोवराकांठीं उतरतो. लांब धांवण्यास थंडी उपकारकच असते. धांवतांना अंगांत जी उष्णता उत्पन्न होते ती गार हवा वाहून नेते. स्टॉकहोमच्या उन्हानें जें हिरावलें, तें येथें हिंवाळा देतो. आकाश निवळलेलें असेल तर फुजी पर्वताचें हिमाच्छादित शिखर दिसतें, आणि दुतर्फा माणसांची दाटी असते.

धांवणाऱ्याच्या अंगावर जानव्याप्रमाणें तिरकस घातलेला कापडी पट्टा असतो. त्यास ‘तासुकी’ म्हणतात. ठाणें जवळ येतांच तो पट्टा काढून मुठींत घट्ट धरतो, पुढच्या सोबत्याच्या हातीं देतो, आणि कित्येकदां मागें वळून, आपण धांवून आलेल्या वाटेस लवून नमस्कार करतो. या खेळांतला खरा आनंद त्या क्षणांत सांठविलेला आहे. दुःखही तेथेंच आहे. संघ फार मागें पडला तर पुढच्या गड्यास पट्ट्याची वाट न पाहतां सोडून देतात. मग धापा टाकीत आलेल्या तरुणाच्या हातांत पट्टा असतो, आणि घेणारा कोणी नसतो.

महायुद्धानें हा पट्टा सर्वांच्याच हातून सोडविला. १९४१ व १९४२ सालीं शर्यत बंद पडली. १९४३ च्या जानेवारींत ती एकदां झाली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत विद्यार्थ्यांची सैन्यभरती सुरू झाली. हाकोनेच्या वाटेवर धांवलेले कित्येक तरुण रणांगणावरून परतले नाहींत. तरीही १९४७ च्या जानेवारींत, पोटास पुरेसें अन्न नसतांना, मागें राहिलेल्यांनीं पट्टा पुन्हां खांद्यावर घेतला.

कानाकुरीची अपुरी शर्यतही अखेर पुरी झाली. १९६७ च्या मार्चांत स्वीडनच्या निमंत्रणावरून, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, तो स्टॉकहोमच्या त्याच क्रीडांगणांत धांवत आला व अंतिम रेषा ओलांडली. वेळ नोंदली गेली ५४ वर्षें, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटें व २०.३ सेकंद. मध्यंतरीं आपलें लग्न झालें, सहा मुलें व दहा नातवंडें झालीं, असें तो हंसत म्हणाला. १९८३ सालीं तो वारला. हाकोनेच्या सर्वोत्तम धांवपटूस २००४ पासून त्याच्या नांवाचें पारितोषिक मिळतें. स्टॉकहोमच्या वाटेवर एकटा पडलेला हा माणूस. त्यानें घालून दिलेल्या वाटेवर मात्र पट्टा घेण्यास पुढें सोबती उभा असावा, यासाठींच प्रत्येक जण धांवतो.