वाशी : खाडीपलीकडचे शहर आणि त्याचा बाजार

मानखुर्द सोडल्यावर लोकलच्या दोन्ही बाजूंना एकाएकी पाणी दिसू लागते. हे ठाण्याच्या खाडीचे पाणी. ते ओलांडल्यावर लागणारे पहिले स्थानक म्हणजे वाशी. सेक्टरांच्या क्रमांकांनी ओळखली जाणारी वसाहत, रुंद रस्ते, मॉल आणि विष्णुदास भावे नाट्यगृह ही वाशीची शहरी ओळख आहे. मात्र महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हे नाव पोहोचले ते वेगळ्या कारणाने. नाशिकच्या कांदा उत्पादकाला, देवगडच्या आंबा बागायतदाराला वाशी म्हणजे बाजार. आज वाशीला काय भाव निघाला, या एका प्रश्नावर त्याचे वर्षाचे गणित अवलंबून असते.

आधी गाव, मग शहर

खाडीकाठची वाशी, जुहूगाव, कोपरी, तुर्भे, सानपाडा ही मूळची आगरी-कोळ्यांची गावे. मासेमारी, भातशेती आणि मिठागरे यांवर येथील संसार चालत. मुंबई बेट उत्तर-दक्षिण लांबीत कोंडत चालले असताना, शहराची वाढ खाडीपलीकडे न्यावी अशी कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आला. १९७३ मध्ये खाडीवरील पहिला रस्तापूल वाहतुकीस खुला झाला आणि वाशी हे या शहराचे पहिले उपनगर आकारास आले.

या उभारणीची किंमत भूमिपुत्रांनी मोजली. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना या लढ्यातून आली.

बाजार खाडी ओलांडतो

केवळ घरे बांधून मुंबईवरील भार हलका होणार नव्हता. मशीद बंदरचा कांदा-बटाट्याचा व्यापार, दाणाबंदरची धान्याची उलाढाल, भायखळ्याची भाजी आणि क्रॉफर्ड मार्केटमधील फळे यांमुळे दक्षिण मुंबईचे रस्ते मालमोटारींनी भरून जात. हे घाऊक व्यापार शहराबाहेर नेणे हा नव्या शहराच्या आराखड्यातील महत्त्वाचा भाग होता. महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायदा १९६३ चा. त्याअन्वये १५ जानेवारी १९७७ रोजी मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली.

स्थलांतर टप्प्याटप्प्याने झाले. कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये आला. मसाला व धान्य बाजार १९९१ मध्ये, तर भाजीपाला आणि फळ बाजार १९९६ मध्ये येथे सुरू झाले. मधल्या काळात १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात मानखुर्द-वाशी रेल्वे धावू लागली. भौगोलिकदृष्ट्या बाजाराचा हा परिसर तुर्भे विभागात मोडतो. लोकांच्या तोंडी मात्र तो 'वाशी मार्केट' म्हणूनच रुळला.

पाच बाजार, पाच तऱ्हा

शहर झोपेत असते तेव्हा भाजीपाला बाजार जागा असतो. मध्यरात्रीपासून टेम्पो आणि मालमोटारी येऊ लागतात आणि पहाटेच्या अंधारातच मुंबई-ठाण्यातील किरकोळ विक्रेते धक्क्यांवर गर्दी करतात. उन्हे वर येईपर्यंत मोठा व्यवहार आटोपलेला असतो. कांदा-बटाटा बाजारात नाशिक, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांचा कांदा, तर उत्तर प्रदेश व गुजरातचा बटाटा उतरतो. मसाला बाजाराचा खरा हंगाम एप्रिल-मे. वर्षाचे तिखट करून ठेवणाऱ्या गृहिणी या दिवसांत ब्याडगी, गुंटूर, लवंगी अशा मिरच्यांची पारख करत फिरतात. त्यांच्या हातून हळकुंडे, धणे, दगडफूल यांची यादी पुरी होते. दिवाळीच्या सुमारास याच भागात सुक्या मेव्याला उठाव असतो. धान्य बाजार त्यामानाने शांत. तेथे पोत्यांच्या थप्प्या आणि हातातली मूठभर डाळ उजेडात धरून पाहणारे व्यापारी दिसतात.

फळ बाजाराचे वैभव म्हणजे हापूस. मार्च ते मे या काळात देवगड-रत्नागिरीच्या लाकडी पेट्यांनी गाळे भरून जातात आणि भाताच्या पेंढ्यात पिकणाऱ्या आंब्याचा वास रस्त्यापर्यंत येतो. कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. योगायोग असा की, त्याच वर्षी आफ्रिकेतील मलावी देशाचा हापूस वाशीत दाखल झाला. कोकणातून नेलेल्या कलमांपासून तेथे बागा उभ्या राहिल्या असून हे फळ नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे कोकणी हंगामाच्या कितीतरी आधी, येथे येते.

भाव कोण ठरवतो?

शेतकरी माल पाठवतो, अडत्या तो विकून देतो आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडते ती पट्टी. त्यावर मिळालेला भाव आणि वजा केलेला खर्च मांडलेला असतो : वाहतूक, हमाली, तोलाई. दूरच्या बागायतदाराला आपल्या मालाचा सौदा कसा झाला, हे समजण्याचा बहुधा हाच एक मार्ग. आंब्याच्या व्यवहारात रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची जुनी रीत दीर्घकाळ चालत आली. उघड लिलाव व्हावा ही शेतकऱ्यांची मागणी त्यातूनच पुढे आली. दुसरीकडे, माल विकला जाण्याआधीच बागायतदाराला उचल देणारा, हंगामभर त्याला सांभाळून घेणाराही अनेकदा हाच अडत्या असतो. म्हणूनच हे नाते तक्रारीचे असले तरी सहजासहजी तुटत नाही.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला नियमनमुक्त केला. हा माल बाजार समितीतच विकण्याचे बंधन गेले आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. व्यापाऱ्यांनी त्याविरोधात बाजार बंद ठेवला, पण निर्णय कायम राहिला. तेव्हापासून शेतकऱ्याला थेट ग्राहकाकडे वा मोठ्या दुकानांकडे जाण्याची वाट मोकळी आहे. तरीही एकाच रात्रीत आलेला सगळा माल घेणारा एवढा मोठा गिऱ्हाईक दुसरीकडे सहज मिळत नाही. हेच वाशीचे बळ होय.

डोईवरचा भार

या बाजाराचा भार अक्षरशः माथ्यावर वाहणारा वर्ग म्हणजे माथाडी. त्यातील अनेकांची मुळे सातारा-सांगलीकडच्या दुष्काळी आणि डोंगराळ गावांत आहेत. अण्णासाहेब पाटील यांनी या विखुरलेल्या हमालांना संघटित केले आणि त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. मजुरी मंडळामार्फत मिळणे, भविष्य निर्वाह निधी, वैद्यकीय सोय या गोष्टी असंघटित कष्टकऱ्याला देणारा हा कायदा देशात अग्रेसर मानला जातो. बाजार खाडीपलीकडे आला, तेव्हा मशीद बंदरचा हा कामगारही त्याच्यामागे आला. कोपरखैरणे आणि घणसोली येथील माथाडी वसाहती त्याची साक्ष आहेत.

बाजार थांबला तर काय होते, हे मे २०२० मध्ये दिसले. व्यापारी व कामगारांमध्ये करोनाचा संसर्ग वाढल्याने ११ ते १७ मे या काळात पाचही बाजार बंद ठेवावे लागले. इतर दिवसांत घरपोच भाजी मागवणाऱ्या मुंबईकराला त्या भाजीचा प्रवास कोठून होतो, हे त्या आठवड्यात कळले.

पुढचा प्रश्न

सर्वांत आधी आलेला कांदा-बटाटा बाजार आता सर्वांत जीर्ण झाला आहे. त्याच्या इमारती धोकादायक ठरून अनेक वर्षे लोटली, पुनर्बांधणीची चर्चा मात्र लांबतच राहिली. प्लास्टर सुटलेल्या छताखाली रोजचा सौदा चालतो. ज्या नियोजनाने हा बाजार मुंबईतून उचलून येथे आणला, त्यालाच आता येथील गाळे, धक्के आणि त्यांखाली राबणारी माणसे यांचा विचार करावा लागणार आहे.

हा बाजार पाहायचा असल्यास वाशी, सानपाडा किंवा तुर्भे स्थानकात उतरून पहाटेच निघावे. मसाला बाजारासाठी दिवस पुरेसा आहे. परतीच्या वाटेवर खाडीपुलावरून दिसणाऱ्या पाणथळीत हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून घोषित झालेली ही खाडी. तिच्या एका काठावर मुंबई आहे आणि दुसऱ्या काठावर त्या मुंबईला जेवू घालणारा बाजार.